देहाचा जमाखर्च

'फिट' आणि 'अनफिट' हे दोन इंग्रजी शब्द आमच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीत शाळेच्या वाटेने आले नाहीत, आखाताच्या वाटेने आले. खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या ज्या आयांना सही करता येत नव्हती त्यांनाही 'पोरगा मेडिकलमध्ये फिट झाला' म्हणजे काय, हे पक्के ठाऊक होते. मुंबईला यायचे, डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीवर उतरायचे, सकाळी उपाशीपोटी रांगेत उभे राहायचे, रक्त-लघवी द्यायची, छातीचा एक्स-रे काढायचा आणि मग कागदाची वाट बघायची. फिट म्हणजे घराला स्लॅब, बहिणीचे लग्न, बापाच्या डोक्यावरचे कर्ज खलास. अनफिट म्हणजे रात्रीच्या एस.टी.ने परत. लहानपणी होऊन बऱ्या झालेल्या क्षयाचा जुना डाग फुप्फुसावर दिसला म्हणून परत आलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. ती आजारी नव्हती. पुढे तीस-तीस वर्षे त्यांनी होड्या ओढल्या, चिरे उचलले. पण गावात त्यांची ओळख 'तो अनफिट झालेला' अशीच राहिली. मुलगी देतानासुद्धा लोक ती गोष्ट आठवून बघत.

त्या तपासणीला तेव्हा 'गामका' म्हणत, आता तिचे नाव 'वाफिद' झाले आहे. तिच्याविषयी आम्हांला येथे फार लिहायचे नाही. एक तर ती सगळ्यांनी पाहिलेली आहे आणि दुसरे म्हणजे तिच्यात एक रोखठोकपणा आहे. आखाताने आमच्या माणसांना कायमचे ठेवून घेण्याचे वचन कधी दिले नव्हते. त्याला काम करणारे अंग हवे होते. अंग थकले की इकामा संपला, माणूस घरी. गेल्या काही वर्षांत तिथेही पैसेवाल्यांसाठी लांब मुदतीचे परवाने निघाले आहेत, पण गवंड्याला, ड्रायव्हरला ते नाहीत. प्रश्न वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. आमची दुसरी-तिसरी पिढी शिकली, इंजिनियर झाली, नर्सिंग, फार्मसीला गेली आणि तिने आखाताच्या पलीकडे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे पाहायला सुरुवात केली. तिथे 'पीआर' मिळते. पीआर म्हणजे कायमचे राहण्याचा हक्क. आणि त्या हक्काच्या दारातही एक मेडिकल आहे.

ही दोन मेडिकल वरून सारखी दिसतात. तोच एक्स-रे, तीच सुई, तीच लघवीची बाटली. पण विचारलेला प्रश्न निराळा आहे. आखात विचारते, हा माणूस काम करील का? कॅनडा विचारतो, हा माणूस आणि याची बायकापोरे आजारी पडली तर आम्हांला केवढ्याला पडतील? पहिला प्रश्न मुकादमाचा आहे. दुसरा प्रश्न कुणाचा म्हणायचा? विमा कंपनीचा म्हणावा, तर विमा कंपनी माणसाला घर देऊ करीत नाही. आपलेपणा देऊ करणारा जेव्हा आधी खर्चाचा अंदाज मागतो, तेव्हा त्यात गैर काय आणि रास्त काय, हा आमच्या या लेखाचा विषय आहे.

आधी ही तपासणी चालते कशी ते सांगायला हवे, कारण पुष्कळांच्या मनात तिच्याविषयी नुसती भीती आहे. डॉक्टर आपल्या पसंतीचा चालत नाही. त्या त्या सरकारने नेमलेल्या डॉक्टरांची यादी असते. मुंबई-पुण्यातही असे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडेच जायचे, फी आपणच भरायची. पासपोर्ट दाखवायचा, फोटो काढून घ्यायचा. मग प्रश्न : कधी क्षय झाला होता का, ऑपरेशन झाले का, मधुमेह, रक्तदाब, मानसिक आजार, रोजची औषधे. उंची, वजन, डोळे, कान, छाती, पोट. कॅनडाच्या नियमात साधारणपणे अकरा वर्षे व त्यावरील सर्वांचा छातीचा एक्स-रे होतो. पंधरा वर्षे व त्यावरील सर्वांच्या रक्तात एचआयव्ही आणि सिफिलिस पाहतात. एक्स-रेवर शंका आली तर तीन दिवस तीन वेळा थुंकी घेतात आणि तिच्यातून जंतू वाढतात का ते पाहायला आठ आठवडे लागतात. ते आठ आठवडे घरात कुणी मोठ्याने खोकत नाही! क्षय निघाला तर दार कायमचे बंद होत नाही. उपचार पुरे करा, मग या, असे सांगतात. हे आखातापेक्षा शहाणपणाचे आहे, एवढे मान्य केले पाहिजे. सगळी माहिती कॉम्प्युटरवरून थेट त्या देशाच्या खात्याकडे जाते. २०२५ च्या ऑगस्टपासून कॅनडाच्या 'एक्स्प्रेस एन्ट्री'च्या अर्जदारांना तर अर्ज करतानाच तपासणी उरकलेली असावी लागते; पूर्वी ती अर्जानंतर सांगितल्यावर करायची असे.

यात नजरेतून सुटणारी एक गोष्ट आहे. तपासणारा हा डॉक्टर आपला डॉक्टर नसतो. आपल्याकडे हकिमासमोर हात पुढे केला की तो हात विश्वासाने पुढे केलेला असतो. नाडी पाहणारा आपल्या बाजूचा आहे, हे गृहीत असते. इथे मात्र तो दुसऱ्या कुणाचा तरी डोळा आहे. तो औषध देत नाही आणि निकालही देत नाही. तो पाहतो आणि कळवतो. निकाल दूर कुठेतरी बसलेला, आपल्याला कधी न भेटणारा सरकारी वैद्यकीय अधिकारी देतो. आपण संमतीच्या कागदावर सही केलेली असते हे खरे. पण जिथे सही न करणे म्हणजे सगळा बेत मोडणे, तिथल्या संमतीला किती वजन द्यायचे? अर्थात यातून काहींचे भलेही होते. साखर आहे, मूत्रपिंडाला सूज आहे, हे पहिल्यांदा या तपासणीतच कळलेली माणसे आम्हांला ठाऊक आहेत. परदेश राहिला, पण जीव वाचला.

सरहद्दीवर शरीर तपासण्याची ही रीत नवी नाही आणि आपल्या वाडवडिलांना ती चांगली माहीत होती. १८६५ साली मक्केत कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि ती युरोपपर्यंत पोचली. त्यानंतर हाजी हा जगाच्या दृष्टीने संशयित झाला. १८८२ मध्ये तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनचे ठाणे उघडले. मुंबईहून निघालेल्या हाजींच्या जहाजांना तिथे थांबावे लागे. कपडे वाफेत घालायचे, झोपड्यांत दिवस मोजायचे आणि वर त्याचे शुल्कही भरायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या आरंभी मुंबईहून हजला जाण्यावरच बंदी आली आणि त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरोघर काय केले ते महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. पण मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका आजारी मुलीला तपासायला आणि न्यायला आलेल्या प्लेगच्या पथकाला जुलाहा विणकरांच्या वस्तीने अडवले आणि त्यातून दंगल पेटली, हे आमच्या मुलांच्या पुस्तकांत क्वचितच येते. त्या विणकरांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांची तक्रार औषधाविषयी कमी होती. परक्या पुरुषांनी आपल्या मुलीच्या अंगाला हात लावण्याविषयी जास्त होती.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ पासून जहाजातून उतरणाऱ्यांच्या कोटावर डॉक्टर खडूने खुणा करीत. हृदयाचा संशय आला की एक अक्षर, लंगडेपणाला दुसरे, डोळ्यांना तिसरे. खुपऱ्या आहेत का ते पाहायला बटणे लावण्याच्या आकड्याने पापणी उलटी करीत. तरीही तिथे बहुतेक युरोपियन उतरत आणि त्यांतले फार थोडे परत पाठवले गेले. पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर चिनी, जपानी आणि हिंदुस्थानी उतरत. तिथे विष्ठा तपासून आकडकृमी शोधत. हा जंत औषधाने जातो हे तेव्हाही माहीत होते आणि त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तोच जंत असंख्य गोऱ्या-काळ्या शेतकऱ्यांच्या पोटात होता. तरी हिंदुस्थानी माणसाच्या पोटातला जंत त्याला परत पाठवायला पुरत असे.

आणि १९७९ चे हीथ्रो. जानेवारी महिन्यात लग्नासाठी लंडनला उतरलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर कुमारिका आहे का हे पाहण्यासाठी, विमानतळावर डॉक्टरकडून तपासणी करवण्यात आली. वर्तमानपत्रात बातमी येताच गदारोळ झाला आणि ती पद्धत बंद झाली. पुढे ब्रिटिश कागदपत्रे उघडल्यावर दिसले, की ती एकटी नव्हती. भारतीय उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांत किमान ऐंशी स्त्रियांना यातून जावे लागले होते. मुलांची वये खरी आहेत का हे पाहायला त्यांच्या हाडांचे एक्स-रेही काढत. यात रोगाचा, साथीचा प्रश्नच नव्हता. बाईच्या शब्दावर विश्वास नव्हता, म्हणून तिच्या शरीराला साक्षीला बोलावले. आज नेमलेल्या डॉक्टरकडे जाताना आमच्या मुली 'लेडी डॉक्टर असेल ना?' असे विचारतात, तेव्हा काहीजण हसतात. हसू नये. तपासणीच्या वेळी सोबतीला स्त्री असावी अशी मागणी करता येते आणि ती जरूर करावी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परक्याला दारात थांबवून तपासण्याची दोन कारणे दिली जातात आणि ती एकत्र कालवली जातात. एक कारण संसर्गाचे, दुसरे खर्चाचे. आमच्या मते या दोहोंचे नैतिक वजन सारखे नाही.

संसर्गाच्या कारणाला आमचा विरोध नाही. साथीच्या गावात जाऊ नका आणि साथ असलेल्या गावातून बाहेर पडू नका, ही शिकवण आम्हांला परंपरेने मिळालेली आहे. हजरत उमर शामकडे निघाले असता सरघ येथे त्यांना अमवासच्या साथीची खबर मिळाली आणि ते परत फिरले. ही अल्लाच्या तकदीरीपासून पळ काढणे नव्हे काय, या अबू उबैदांच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर वाचकांना माहीतच आहे. या नियमात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो दोन्ही बाजूंना सारखा लागू होतो. आतल्याने बाहेर जायचे नाही, बाहेरच्याने आत यायचे नाही. राजाने नाही, उंटवाल्यानेही नाही. शिवाय तो मुदतीचा आहे, साथ सरली की नियम सरला. क्षयाची थुंकी तपासणे या कसोटीला उतरते. एचआयव्हीच्या नावाखाली अमेरिकेने १९८७ पासून घातलेली प्रवेशबंदी मात्र उतरत नव्हती. शेजारी बसल्याने जो रोग लागत नाही त्याच्यासाठी ती बावीस वर्षे टिकली आणि जानेवारी २०१० मध्ये उठली. आपल्या मुंबई हायकोर्टाने १९९७ सालीच एका एचआयव्हीबाधित मजुराच्या खटल्यात साधी कसोटी सांगितली होती : माणूस काम करायला समर्थ आहे का आणि त्याच्यापासून इतरांना खरोखर धोका आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे ठीक असतील तर नुसत्या रोगाच्या नावाने त्याला हाकलता येत नाही.

खर्चाचे कारण निराळे आहे. कॅनडाच्या २००१ च्या कायद्यात ३८ वे कलम आहे. त्यात सार्वजनिक आरोग्याला धोका, सार्वजनिक सुरक्षेला धोका आणि तिसरे म्हणजे आरोग्य व समाजसेवांवर 'अतिरेकी मागणी', अशी तीन कारणे दिली आहेत. यातल्या तिसऱ्याचा अर्थ असा, की तुमच्यावर पुढची साधारण पाच वर्षे होणारा खर्च ठराविक रेषेच्या वर जात असेल, किंवा तुमच्यामुळे इथल्या लोकांची उपचारांची रांग धोकादायक लांबत असेल, तर तुम्ही नको. २०१८ पूर्वी ही रेषा वर्षाला साडेसहा हजार डॉलरच्या आसपास होती. शाळेतल्या खास शिक्षकाचा खर्चही त्यात धरत. म्हणजे बापाच्या पदव्या, आईचे इंग्रजी, दोघांचा अनुभव असे सगळे गुण मिळवून आलेले कुटुंब एका मतिमंद मुलापाशी अडत असे. आणि नियम असा, की घरातला एक 'अतिरेकी' ठरला की सगळे घर नापास.

या नियमाची बाजू आम्ही हलक्यात घेत नाही. दवाखाना करदात्यांच्या पैशावर चालतो. खाटा मोजक्या असतात. आमच्याच गावच्या बैतुलमालमधून उद्या कुणी परगावचा माणूस डायलिसिसचा खर्च मागायला आला, तर आधी गावचे बघू, असे म्हणणाऱ्याला कुणी जालीम म्हणणार नाही. जवळच्याचा हक्क आधी, हे तत्त्व आम्हीही पाळतो. मग कॅनडाने पाळले तर बिघडले कुठे?

बिघडते ते हिशेबाच्या वहीत. या वहीला एकच रकाना आहे, खर्चाचा. २००८ साली ऑस्ट्रेलियात बर्नहार्ड मोलर नावाच्या जर्मन डॉक्टरचे प्रकरण गाजले. व्हिक्टोरिया राज्यातल्या हॉर्शॅम या आडगावाला डॉक्टर मिळत नव्हता, म्हणून तो आला. गाव त्याच्यावर खूश होते. कायमच्या वास्तव्याचा अर्ज मात्र नाकारला गेला, कारण त्याच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. गावकरी ओरडले, वर्तमानपत्रे ओरडली, शेवटी मंत्र्यांनी आपल्या अधिकारात परवानगी दिली. २०१६ मध्ये कॅनडात फेलिपे मोंतोया या प्राध्यापकाच्या बाबतीत असेच झाले. कारण तेच आणि शेवटही तसाच. डॉक्टरला आणि प्राध्यापकाला ओरडणारे मिळाले. फिलिपिन्समधून कॅनडात जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांची, अपंगांची वर्षानुवर्षे सेवा केलेल्या काही बायकांना स्वतःच्या अपंग मुलापायी नकार मिळाला, त्यांच्यासाठी ओरडायला किती आले असतील? दुसऱ्याचे मूल पुसायला या, तुमचे पुसायला लागेल ते घरी ठेवा, असा हा न्याय झाला.

याहून खोल गोष्ट आणखी एक आहे. ज्या शहरात या मुलाला प्रवेश नाही, त्याच शहरात तशीच मुले जन्मली आहेत, शाळेत जात आहेत आणि त्यांना कमी लेखणे हा तिथे कायद्याने गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९९२ च्या अपंगांविषयीच्या भेदभावविरोधी कायद्यातून स्थलांतराचा कायदा सरळ वगळलेला आहे. सरहद्दीच्या आत समता, सरहद्दीवर तराजू. पण दारात जे मोजले जाते ते आतल्यांनाही ऐकू जाते. बाहेरच्या मुलाला 'तुझा खर्च परवडत नाही' म्हटले, की आत राहणाऱ्या तशाच मुलाला आपोआप सांगितले जाते, की तुझाही परवडत नाही, फक्त तुला पाठवायला दुसरा देश नाही. आमचे घर भाड्याने मागताना आडनाव ऐकून 'जागा गेली' म्हणणारे मालक आम्ही मुंबईत पुष्कळ पाहिले आहेत. त्या नकाराने जागा जाते ती जातेच; पण त्या इमारतीत आधीपासून राहणाऱ्या आपल्या एखाद्या कुटुंबाच्या मनात काय होते, ते त्या कुटुंबालाच विचारावे.

न्यायालयाने यातला काही अन्याय पाहिला. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये, दक्षिण आफ्रिका आणि नेदरलँड्स येथून आलेल्या दोन कुटुंबांच्या खटल्यांत म्हटले, की रोगाच्या नावावरून निकाल देऊ नका; या कुटुंबाचा प्रत्यक्ष खर्च काय आणि ते तो स्वतः उचलू शकते का, ते पाहा. चांगला निकाल, पण त्याने तराजू राहिलाच, आणि श्रीमंताचे पारडे थोडे हलके झाले. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या संसदेच्या समितीने हे कलमच काढून टाका, अशी शिफारस केली. सरकारने ते काढले नाही. एप्रिल २०१८ मध्ये रेषा तिप्पट वर नेण्याचे आणि खास शिक्षणाचा खर्च न धरण्याचे जाहीर केले. हे जाहीर करणारे मंत्री अहमद हुसेन स्वतः मोगादिशूत जन्मलेले, निर्वासित म्हणून कॅनडात आलेले. निर्वासितांना आणि नागरिकाने बोलावलेल्या पती, पत्नी, मुलांना हे खर्चाचे कलम लागूच नाही. म्हणजे खर्च पाहू नये असे वाटण्याइतके मन त्या कायद्यात आहे. ते सर्वांसाठी वापरायचे नाही, एवढेच. २०२५ साली रेषा वर्षाला सुमारे सत्तावीस हजार डॉलर होती. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ मध्ये आपली रेषा एक्कावन्न हजारांवरून शहाऐंशी हजार डॉलरवर नेली.

हे सगळे आम्हांला आकड्यांतून कळलेले नाही. आमचा एक भाचा दम्मामला इंजिनियर होता. दोन मुली, धाकटीला डाउन सिंड्रोम. तिच्या हृदयाला जन्मतः भोक होते, ते मुंबईत शस्त्रक्रियेने बंद झाले. २०१६ साली त्याने कॅनडाचा विचार सुरू केला. एका एजंटाने फाइल पाहिली आणि सल्ला दिला : धाकटीचे नाव लिहूच नका. तिला नानीकडे ठेवा, तुम्ही स्थिर झालात की मग बोलवा. हा सल्ला देताना तो माणूस मुळीच अडखळला नाही, असे भाचा सांगतो. असे सल्ले तो रोज देत असावा.

हा सल्ला कायद्याच्या दृष्टीनेही खोटा आहे, हे आधी सांगितले पाहिजे. कॅनडाच्या अर्जात मूल सोबत येवो न येवो, त्याचे नाव द्यावेच लागते आणि त्याची तपासणीही करावी लागते. ज्याचे नाव तेव्हा सांगितले नाही, त्याला पुढे कुटुंबातला म्हणून बोलावण्याचा रस्ता सहसा कायमचा बंद होतो. 'मग बोलवा' हे कधीच होणार नव्हते.

पण समजा, कायदा ढिला असता आणि लपवणे पचले असते, तर? अन्याय्य नियमापुढे खोटे बोलणे माफ आहे का? यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. भाच्याचा थोरला भाऊ म्हणाला, "जो कायदा आपल्या पोरीला कचरा समजतो, त्याच्याशी खरं बोलायचं ऋण आपल्यावर कुठलं?" हा युक्तिवाद पोकळ नाही. जुलमी माणूस दारात उभा राहून लपलेल्याचा पत्ता विचारील तर त्याला खरे सांगणे हे पुण्य नव्हे, असे जगातल्या बहुतेक नीतिशास्त्रांनी मानले आहे. पण तिथे आपण खोटे बोलतो ते लपलेल्याला वाचवायला. इथे खोटे बोलायचे होते ते तिला वगळून बाकीच्या तिघांना पोचवायला. नियमाने तिचा खर्च मोजला होता. घरच्यांनी तर तिची मोजणीच रद्द केली असती. भाच्याची बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मामू, उद्या तिकडे कुणी विचारलं, मुलं किती? मी एक म्हणू?" त्यानंतर कुणी बोलले नाही.

इथे आपल्याच समाजाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. कॅनडाला बोल लावणे सोपे. आमच्या किती घरांत स्थळ येणार म्हटल्यावर अशा मुलाला मागच्या खोलीत, नाहीतर मावशीकडे पाठवले जाते? लग्नाच्या बायोडाट्यात 'भाऊ दोन' असे लिहिताना तिसरा कुठे जातो? घरात एक अपंग मूल आहे म्हणून त्याच्या धडधाकट बहिणीला नकार देणारे सासर आणि ओटावातला तो अधिकारी यांत फरक असलाच तर एवढाच, की अधिकाऱ्याने कारण कागदावर लिहून दिलेले असते आणि त्यावर दाद मागता येते.

भाच्याने २०१६ मध्ये अर्ज केला नाही. जुलै २०१७ पासून सौदीने परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर दरमहा माणशी शंभर रियालची फी बसवली. ती दरवर्षी वाढत २०२० मध्ये चारशेवर गेली. तिथेही माणसे मोजली जात होती, पण निदान डोकी मोजली जात, डोक्यातले काही मोजले जात नव्हते. कितीतरी कोकणी कुटुंबे त्या वेळी सामान बांधून गावी परतली, तशी भाच्याची बायको आणि मुलीही परतल्या. रेषा वर गेल्यावर २०१९ मध्ये त्याने चारही नावे लिहून अर्ज केला. तपासणीच्या दिवशी धाकटी आठ वर्षांची होती. तिचा एक्स-रे नव्हता, रक्तही नव्हते. उंची, वजन, छाती, शस्त्रक्रियेचे कागद. डॉक्टरबाईंनी सगळे नीट पाहिले, तिच्याशी गोड बोलल्या आणि लिहायचे ते लिहिले. त्यांच्या हातात तेवढेच होते. पुढे त्यांना परवानगी मिळाली. ही हकिगत सांगितली, की लोक 'अल्हम्दुलिल्ला' म्हणतात, आम्हीही म्हणतो.

पण त्याच भाच्याचा एक मित्र, दम्मामला एकाच खोलीत राहिलेला, फाइल घेऊन आमच्याकडे आला होता. त्याच्या बायकोची मूत्रपिंडे गेली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तो फार्मासिस्ट आहे, गुण भरपूर आहेत. डायलिसिसचा खर्च तिप्पट केलेल्या रेषेच्याही कितीतरी वर जातो. त्याला कुणीतरी सांगितले होते, की कागदोपत्री तलाक दाखव, स्वतः पुढे जा, मग पुन्हा निकाह लाव. नागरिक झाल्यावर बायकोला बोलावताना खर्चाचे कलम लागत नाही. हे सांगणाऱ्याला कायद्याची फट बरोबर दिसली होती. परवाना मिळवण्यासाठी मोडलेले लग्न तिथे फसवणूक धरतात, तेवढे मात्र त्याने सांगितले नव्हते. त्या मित्राने आम्हांला विचारले, की हे शरियतमध्ये बसते का. आम्ही मुफ्ती नाही, तसे त्याला सांगितले. मग विचारले, की हे बायकोला माहीत आहे का? तो म्हणाला, "तिनेच सुचवलंय."

फाइल अजून त्याच्याकडेच आहे. आठवड्यातून तीन दिवस तो तिला घेऊन पहाटेची गाडी पकडतो.